तगर नको, आंबा लाव

सेलूच्या आमच्या घराला परस मोठं होतं, पण त्यात जिवंत जागा एकच. न्हाणीचं पाणी मोरीतनं बाहेर पडून जिथं मुरायचं, तेवढी. बाकी सगळी काळी जमीन, उन्हाळ्यात अशी भेगाळायची की भेगेत गडू उभा राहावा. विहीर चार घरांत मिळून, पाणी मचूळ, आणि तेही चैत्रात तळाला गेलेलं. त्यामुळं परसात काही लावायचं तर त्या मोरीपाशीच, आणि लावायचं तेही एकच. दोन जीव पोसायला आमच्याकडं पाणी नव्हतं.

ती जागा मला पाहिजे होती. कशाला आडपडदा ठेवू? लय पाहिजे होती.

एकोणिसाव्या वर्षी मी चारठाण्याहून माहेरी परत आले. नवरा तापानं आठ दिवसांत गेला. सासरच्यांनी तेराव्याचं जेवण घातलं आणि चौदाव्या दिवशी माझी ट्रंक बैलगाडीत ठेवली. मोठी तत्पर माणसं! आईवडील आधीच गेलेले, म्हणून मी थोरल्या भावाच्या, दादाच्या दारात उतरले. दादा तहसील कचेरीत अहलकार होता, म्हणजे दिवसभर उर्दूत कागद लिहिणारा कारकून. निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू, आणि दादा घरी आला तरी कचेरीतच असल्यासारखा बोलायचा. कालवण अळणी झालं तरी फैसला सुनावायचा.

माझं डोकं भादरलं नाही, केस राहिले. हे दादाचे उपकार, असं वहिनी वर्षातून दोनदा तरी ऐकवायची. पण केस राहिले म्हणजे मग सोवळ्यात हात लावायचा नाही. देवाच्या स्वयंपाकात मी नाही, पूजेच्या तयारीत मी नाही. माझ्याकडं धुणं, भांडी, दळण, आणि दादाची चार वर्षांची लेक. पोरीचं हगणंमुतणं काढायला, तिला न्हाऊमाखू घालायला विधवेचा हात चालत होता. तिथं कुणाला काही आठवत नव्हतं.

त्या घरात माझं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. माझ्या ट्रंकेतसुद्धा वहिनीच्या गोधड्या भरल्या होत्या. मला एक गोष्ट पाहिजे होती, जिच्याकडं बोट दाखवून कुणीतरी म्हणेल, हे हिनं केलंय. एवढीच हाव. ती एवढीसुद्धा त्या घरात जास्त झाली.

स्टेशनाकडच्या एका जिनिंगच्या आवारात मालकाचा बंगला होता. तिथली माळीण आमच्या परसाच्या मागनं जायची. तिनं एकदा कुडापाशी थांबून मोरीची ओल बघितली.

"बाई, ही जागा मोकळी नगा ठिवू. तगर लावा. फांदी खोचली की लागती. दुसऱ्या पावसाळ्याला फुलाय लागती, मग बारा म्हयने सुट्टी न्हाई बगा."

"आणि झाड लावलं तर?"

"झाडाचं काय, आंबा लावा न्हाईतर जांभळ. पर त्येला धा वर्सं. तवर निस्तं पाणी घाला आन् वाट बगा. झाड नातवंडांसाठनं आस्तंय."

"मला कुठली नातवंडं गं?"

तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि म्हणाली, "तगरच लावा." दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून फांदीही आणून दिली.

मी लय विचार केला होता, हे कुणाला सांगून पटायचं नाही. मोगरा मला नकोच होता. मोगरा म्हणजे वेणी, वेणी म्हणजे डोकं, आणि माझ्या डोक्याची सगळ्या गल्लीला काळजी. जास्वंद लाल, तीही नको. तगर कशी पांढरी, तिला वास नाही, कुणी हौसेनं माळत नाही. सकाळी परडी भरून देवाला जाते आणि दुपारी कोमेजते. माझ्यासारखीच बिनरंगाची. हिच्यावर कोण कशाला बोट ठेवील, असं मला वाटलं. ज्येष्ठात फांदी खोचली, पंधरा दिवसांत तिला दोन पानं फुटली. ती दोन पानं मी दिवसातनं दहा वेळा बघून यायची. खोटं कशाला सांगू, नवरा गेल्यापासनं मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

वहिनीच्या ध्यानात यायला आठ दिवस लागले. तिनं दादा जेवायला बसलेला बघून विषय काढला.

"वन्सं, तुमी राग मानू नका. पण तगर फुलली की रोज देवाला तीच येणार. चैत्रगौरीपुढं तीच. हळदीकुंकवाला बायका आल्या की विचारणार, किती छान फुललीय, कुणी लावली? मी काय सांगू?"

"मी लावली म्हणून सांगा."

"तेच तर सांगता येत नाही ना!"

मी म्हटलं, "मग माळणीनं लावली म्हणा. माळणीच्या हातचं देवाला चालतं की." वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती काही बोलणार, तेवढ्यात दादानं भाकरी कुस्करता कुस्करता फैसला दिला.

"तगर नको, आंबा लाव. फुलाच्या सतरा भानगडी. कुणी लावलं, कुणी तोडलं, कुणी वाहिलं. झाडाचं तसं नसतंय. बारा महिने हिरवंगार राहतंय, पानगळ नाही, उन्हाळ्यात सावली. सावलीला काय विटाळ? तुझी हौस पण भागली आणि हिची पण अडचण मिटली."

वहिनी म्हणाली, "हां, हे बरंय. झाडाखाली बसणारा थोडंच विचारतोय कुणी लावलं म्हणून."

बघा, किती शहाणी माणसं! दादा रोज तासभर पूजा करायचा. वहिनीचे वर्षाचे सगळे सणवार तोंडपाठ. मी स्वतः चांगल्या घरात वाढलेली. आणि आम्हा तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की आंब्याचं पान कुठं कुठं लागतं. विधवेच्या हातचं फूल देवापर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी घरात नेमकं ते झाड आणलं, ज्याच्या पानावाचून कलश मांडता येत नाही आणि दारावर तोरण चढत नाही. पण ते पुढं. तेव्हा सगळेच खूश होते, मी सोडून.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरनं आले तर तगर उपटलेली. "बकरीनं उपटली असंल," वहिनी म्हणाली. तगरीच्या पानात चीक असतो, बकरी तिला तोंड लावत नाही, हे मला माळणीनं आधीच सांगितलं होतं. फांदी मोरीत पडलेली होती आणि तिच्या पांढऱ्या मुळ्या पाण्यानं स्वच्छ धुऊन निघाल्या होत्या. मी त्या चिमटीत धरून बघितल्या. लय राग आला. इतका, की हातातली घागर विहिरीत टाकून आपणही मागनं जावं असं वाटलं. पण पोर पाठीमागं उभी होती, आत्या, आत्या करत. तिला भूक लागली होती.

त्या आठवड्यात घरात शेवटच्या गावरान आंब्यांचा रस झाला. उष्ट्यातनं मी एक कोय उचलली, धुतली, आणि त्याच खड्ड्यात पुरली. रागानंच पुरली. म्हटलं, घ्या, लावते तुमचा आंबा.

पहिली दोन वर्षं मला त्या झाडाचं तोंड बघवत नव्हतं. झुडपाला निदान देण्याची घाई असते. हे आपलं उभं. ना फूल, ना फळ, ना वास. रोज पाणी प्यायचं आणि जावयासारखं ताठ उभं राहायचं. पण ते पोसायचं काम माझंच होतं. बकरीच्या भीतीनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण मी केलं, दोन्ही हात रक्तबंबाळ करून. न्हाणीचं पाणी उन्हाळ्यात पुरायचं नाही, तेव्हा भांडी विसळलेलं पाणी मी बादलीत साठवून न्यायची. पोर बरोबर असायची. तिचा एक छोटा गडू होता. तो भरून ती तुरुतुरु यायची, निम्मं पाणी फ्रॉकवर, निम्मं बुंध्यात.

"आत्या, हे झाड कुणाचं?"

"माझं."

"आणि माझं?"

"तुझं पण. आपल्या दोघींचं."

तिला ते इतकं आवडलं की गल्लीतल्या पोरींना ती ओढून आणायची आणि सांगायची, "हा आमच्या आत्यानं लावला, आणि पाणी मी घालते." वहिनीनं दोनदा तिच्या पाठीत धपाटा घातला. तरी ती सांगायचीच. त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारी तेवढीच एक होती, आणि तिचे अजून दुधाचे दातही पडले नव्हते.

मग हळूहळू माझाही राग निवला. नवी पानं फुटायची तेव्हा ती तांबूस, मऊ, लोंबती असायची. चार दिवसांत ताठ आणि हिरवी व्हायची. वैशाखात सगळं सेलू करपून जायचं, कडुलिंबसुद्धा आधी एकदा बोडका होऊन बसायचा, पण आमचं हे हिरवंच्या हिरवं. खरं सांगायचं तर दादा चुकला नव्हता. तगर लावली असती तर दुष्काळाच्या एखाद्या वर्षी गेली असती. हे मला कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

चौथ्या की पाचव्या वर्षी पाडवा आला आणि वहिनी गुढीच्या तयारीला परसात गेली. हात वर केला, फांदी धरली, आणि तशीच थबकली. मी भांडी घासत होते. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा हसू आवरेना. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं फांदी सोडली, घरात गेली, आणि दादाला पानं आणायला गावाबाहेरच्या एका मळ्यात पिटाळलं.

तेव्हापासनं तो नेमच झाला. दारात आंब्याचं झाड, आणि पाडवा आला, दसरा आला की दादा पानं आणायला मैलभर चालत निघायचा. शेजारणी विचारायच्या, "अहो, घरी आंबा असून?" वहिनी म्हणायची, "आमच्या पानांवर कीड पडलीय." माझ्या पानांवर कीड! एवढी नितळ पानं, एका पानाला टाचणीएवढं भोक नाही. मी ऐकायची आणि राख जोरात घासायची.

फळाचं मात्र तसं झालं नाही. नवव्या वर्षी आंबे धरले, आणि जिभेला कसला आलाय विटाळ? पहिले पाच आंबे दादानं देवापुढं ठेवले. कोण बोलणार? त्याच उन्हाळ्यात दादानं झाडाखाली बाज टाकली. कचेरीतले दोघं-तिघं रविवारी येऊन बसायचे. एकदा त्यातल्या एकानं झाडाची तारीफ केली, तर दादा म्हणाला, "हां, मेहनत लय घ्यावी लागली याला." मी चहाचे पेले उचलत होते. दादानं त्या झाडाला उभ्या जन्मात तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. पण मी म्हटलं, बोलू दे. पाहुण्यांसमोर पुरुषाला जरा मोठेपणा लागतो. तिथंच मी चुकले.

पोर सोळा वर्षांची झाली आणि तिचं लग्न ठरलं. निजामाच्या राज्याचा तो शेवटचा माघ. दिवस वाईट होते. अंधार पडायच्या आत दारं लागायची, आणि गावाबाहेर एकट्यानं जायला पुरुषही बिचकायचे. वऱ्हाड परभणीकडनं रेल्वेनं दिवसाउजेडी येणार आणि दिवसाउजेडी परत जाणार, वाजंत्री नाही, वरात नाही, असं ठरलेलं. आदल्या दिवशी सकाळी भटजींनी सामानाची यादी विचारली. आम्रपल्लव? दादा वहिनीकडं बघायला लागला, वहिनी दादाकडं. मळ्यात जायची हिंमत कुणात नव्हती.

मी मागच्या ओसरीवर भाजी चिरत होते. दोघं तिथं आले. वहिनी दबल्या आवाजात म्हणाली, "पोरीच्या लग्नात नको हो. नंतर काही झालं तर?"

दादा म्हणाला, "काय व्हायचंय? तो आंबा मी लावलाय."

असं म्हणून तो माझ्याकडं बघत उभा राहिला. कचेरीत कागदावर शिक्का मारून समोरच्याच्या तोंडाकडं बघावं, तसा. मी काहीतरी म्हणेन, याची वाट बघत होता. वहिनीही बघत होती. आत पोरीला हळद लावायची तयारी चाललेली, बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

मी विळीवरची नजर वर केली नाही. म्हटलं, "खालच्या फांद्यांची काढा. वर मोहोर आलाय."

झालं. तोरण चढलं, मांडवाच्या मेढीला डहाळ्या बांधल्या, कलशात पाच पानं उभी राहिली. मी मात्र मांडवात गेले नाही, जायचंही नव्हतं. मंगलाष्टकं मागच्या ओसरीवरनं ऐकली. माझी पानं पुढं, मी मागं. घागरीवर घागरी ओतून हंडे भरले आणि रडले. कुणी बघितलं तर चुलीचा धूर लागला म्हणून सांगणार होते, पण कुणी आलंच नाही.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि निघायच्या आधी पोर माझ्या पाया पडायला परसात आली. शालू नेसलेली, कपाळभर मळवट. बरोबर तिची सासू होती. आता ही बाई हिची जन्माची मालकीण. सासूनं झाडाकडं बघितलं. माघाचा मोहोर, सगळा आंबा घमघमत होता.

"अगं बाई, केवढा डेरेदार! मांडवाची पानं ह्याचीच का? कुणी लावला गं?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. गडूनं पाणी घातलेलं, धपाटे खाल्लेले, सगळं. तिचे ओठ हललेही. मला वाटतं ती खरंच सांगणार होती. आणि मला एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. उद्या घरात ताट पडलं तरी हिला ऐकावं लागेल, विधवेच्या हातच्या पानांखाली लग्न झालंय हिचं. मी तिच्याकडं बघून हळूच मान हलवली. नको.

"बाबांनी," ती म्हणाली.

"हात गुणाचा आहे हो त्यांचा," सासू म्हणाली, आणि जाताना माझ्या अंगावरनं पदर सावरून गेली.

ते खोटं मी दिलेलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं होतं, तेवढं मला पुष्कळ होतं. एक माणूस जगात खरं जाणतंय, या भरवशावर मी पुढची वर्षं काढली.

राज्य बदललं. दादाची उर्दू मोडीत निघाली, तो म्हातारपणी बाळबोध लिपीत मराठी अर्ज लिहायला शिकला. वहिनीचे गुडघे गेले. आंबा माळवदाच्या वर गेला. पोर उन्हाळ्यात माहेरपणाला आली, तिची दोन लेकरं बरोबर. दुपारी तिघं आंब्याखाली बसून आंबे चोखत होती आणि मी पलीकडं शेवया वाळत घालत होते. तिची सासू तिथं नव्हती. दादा आत झोपलेला. कुणी काही विचारलंही नव्हतं. आपल्याआपणच ती लेकरांना म्हणाली, "हा आंबा की नाही, तुमच्या आजोबांनी लावलाय. रोज पाणी घालायचे."

मला वाटलं, ती आता माझ्याकडं बघेल. तिनं लेकराचं तोंड पुसलं.

मी म्हटलं, "कोय मी लावली गं. तू गडूनं पाणी घालायचीस."

ती हसली. चांगली, मायेनं हसली. "हो का आत्या? असंल बाई. मला नाही आठवत." आणि धाकट्याला दुसरा आंबा मऊ करून दिला.

त्यांनी आंबे खाल्ले, हात धुतले आणि आत गेली. कोया तिथंच पडल्या होत्या, सात-आठ. मी त्या झाडून गोळा केल्या आणि उकिरड्यावर नेऊन टाकल्या. एकही पुरली नाही.